एक टक्का चढ आणि समोरचा वारा : जुन्या रेल्वेवाटांच्या आणि पाण्याकाठच्या नोंदी

सायकलच्या सरावाच्या या टप्प्यात वेगाचा आकडा बघायचाच नाही असं ठरवलं होतं. पायांचा जोर सारखा ठेवायचा, वेग येईल तो येऊ द्यायचा. रूळ काढून केलेल्या वाटेवर आणि पाण्याकाठच्या वाटेवर, दोन्हीकडे हे करून बघितलं. नकाशावर दोन्ही सपाट दिसतात. पायांना तसं अजिबात वाटत नाही.

लोखंडी चाकाची रुळावर पकड कमी, त्यामुळे इंजिनाला उभा चढ झेपत नाही. म्हणून मार्ग आखणाऱ्यांनी टेकड्या कापल्या, सखल जागी भराव घातले आणि चढ बहुधा एक-दोन टक्क्यांत बसवला. एक टक्का डोळ्यांना कळतही नाही. पण सायकलसकट 80 किलो वजन आणि ताशी 20 किलोमीटर वेग धरला, तर त्या एका टक्क्यासाठी सुमारे 44 वॉट जादा मोजावे लागतात. हौशी सायकलस्वाराला हे चांगलंच जड जातं. शिवाय हा चढ दोन मिनिटांत संपत नाही, मैलोन्‌मैल चालतो. ब्रेक घासतोय का, टायरमध्ये हवा कमी आहे का, अशा शंका येत राहतात. परत फिरलं की पाय हलके होतात आणि उलगडा होतो. आता सुरुवातीलाच एक गिअर हलका टाकतो आणि पेडलचे मिनिटाला 80 च्या आसपास फेरे धरून ठेवतो. दम टिकण्यात फरक स्पष्ट दिसतोय.

बोगद्यांची तयारी वेगळी. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एल्रॉय-स्पार्टा वाटेवर तीन बोगदे आहेत, त्यातला सर्वांत लांब किलोमीटरहून मोठा, आणि तिथे सायकल हातात धरून चालायचं असतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ ही वाट 1979 ते 1986 या काळात, बरीचशी स्वयंसेवकांच्या हातांनी, तयार झाली. तिच्यावरच्या बोगद्यात दिवे आहेत. दिवे असोत-नसोत, गॉगल बोगद्याच्या तोंडाशीच उतरवा. उन्हातून आत शिरल्यावर डोळ्यांना सरावायला वेळ लागतो आणि नेमका तेव्हाच समोरून कोणीतरी येतो.

पाण्याकाठी चढाचं काम वारा करतो. ताशी 20 ने जाताना समोरून ताशी 20 चा वारा असेल, तर हवेचा रोध शांत हवेतल्या चौपट होतो. म्हणून जाऊन-येऊन करायची वाट असेल तर आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, दमल्यावर तोच पाठीशी येतो. अशा वेळी सारखा जोर ठेवणं मला अजून पुरतं साधलेलं नाही. झुळूक आली की पाय आपोआप भांडायला लागतात.

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कभोवतीची समुद्रभिंतीवरची वाट मला आखणीसाठी आवडते. भिंतीचं काम 1917 मध्ये सुरू झालं, ते किनाऱ्याची धूप थांबवायला. आज सुमारे नऊ किलोमीटरच्या त्या फेरीत सायकली एकाच दिशेने जातात आणि चालणाऱ्यांची पट्टी वेगळी आहे. असं बहुतेक ठिकाणी नसतं. तिथे घंटी लांबूनच वाजवावी. अगदी पाठीशी येऊन वाजवली की माणूस दचकतो आणि हमखास चुकीच्या बाजूला सरकतो.

जुन्या धक्क्यांवर फरशीत गाडलेले मालगाडीचे रूळ अजून सापडतात. चाक त्या खाचेत अडकलं तर पडणं ठरलेलं, त्यामुळे शक्य तितकं काटकोनात ओलांडायचं. ओल्या फळ्यांवर वळताना ब्रेक लावू नये. खाऱ्या हवेतून आल्यावर साखळी गोड्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून मगच तेल.

पुढच्या टप्प्यात नदी आणि रेल्वे सोबत जाणारी वाट धरायची आहे. खोरं मुळातच मंद उताराचं असल्याने रेल्वे अनेकदा नदीचाच काठ धरते. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातली सुमारे 385 किलोमीटरची केटी ट्रेल बऱ्याच अंतरापर्यंत तशीच जाते. अशी एखादी वाट आधी पायी करणार आहे. मोऱ्या, मैलाचे दगड, फलाटाच्या कडा सायकलवरून दिसतच नाहीत.