संभ्रम

६ जुलै, आषाढी एकादशी

सकाळपासून पावसाला खंड नाही. साबुदाणा भिजत घालायचा राहिला, म्हणून वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी केली. चिन्मय मुकाट्याने जेवला आणि पुन्हा खोलीचं दार लावून बसला. दहा-बारा दिवस हेच चाललंय. हवाई दलाच्या निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या परीक्षेतून पास होऊन आला तेव्हा मी मजल्यावर घरोघरी पेढे दिले होते. नंतर वैद्यकीय तपासणीत गाडी डोळ्यांपाशी अडली. उड्डाणासाठी अपात्र. अपील करता येतं, मुदत अजून आहे. त्याआधी त्याला बाहेरच्या एखाद्या चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडून डोळे तपासून घ्यायचेत. तो विषय काढतो, मी "बघू" म्हणते.

खरं ते आज लिहून टाकते. तो कागद हातात आला तेव्हा मला हायसं वाटलं. पोराचा चेहरा उतरलेला मला दिसत होता, मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि आत कुठेतरी मोकळा श्वास घेत होते.

संध्याकाळी त्याच्या खोलीत केर काढायला गेले. टेबलासमोरच्या भिंतीवर गणवेशातल्या एका तरुणाचा जुना, काळा-पांढरा फोटो आहे. तिथे तो दोन वर्षं तरी असेल. मी कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"इंद्रलाल रॉय. कलकत्त्याचा. आई, ह्याने आजच्या तारखेला पहिलं विमान पाडलं. १९१८ साली."

एवढंच बोलून तो पुन्हा पुस्तकात शिरला. मी केरसुणी हातात धरून त्या फोटोकडे बघत राहिले. मिसरूड नीट फुटलेली नाही.

८ जुलै

दोन दिवस मिळेल ते वाचतेय. दुपारी नौपाड्यात काम होतं, तिथून ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातही जाऊन बसले. आपल्याकडे ह्या मुलाची ओळख फार कमी. कलकत्त्यात भवानीपूरला त्याच्या नावाचा रस्ता आहे, १९९८ साली जन्मशताब्दीला टपाल तिकीट निघालं.

जन्म २ डिसेंबर १८९८. वडील प्यारेलाल रॉय बॅरिस्टर, मूळचं घराणं बारिसालजवळच्या लाकुटियाचं, जमीनदारांचं. आई ललिता मुलांच्या शिक्षणासाठी लंडनला जाऊन राहिली. थोरला परेशलालही पुढे पहिल्या महायुद्धात लढला आणि भारतात परतल्यावर त्याने मुष्टियुद्ध रुजवलं. इंद्रलालला घरात 'लॅडी' म्हणत. शाळा लंडनची सेंट पॉल्स. युद्ध सुरू झालं तेव्हा हा पंधरा वर्षांचा, शाळेच्या कॅडेट दलात.

शाळा संपता संपता रॉयल फ्लाइंग कोअरसाठी, म्हणजे ब्रिटिशांच्या तेव्हाच्या हवाई दलासाठी, अर्ज केला. नाकारला गेला. कारण, दृष्टी सदोष.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. पंखा डोक्यावर करकरत होता. चिन्मयने तो फोटो का लावलाय हे मला दोन वर्षांनी कळत होतं.

त्या मुलाने काय केलं, तर स्वतःची मोटारसायकल विकली. आलेल्या पैशांतून एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेतली. त्याने दृष्टी ठीक असल्याचं सांगितलं आणि आधीचा निकाल फिरला. एप्रिल १९१७ मध्ये तो फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला, जुलैच्या पाच तारखेला सेकंड लेफ्टनंट.

मला मात्र ती मोटारसायकल सोडवत नाही. विकायला नेली तेव्हा घरात कोणाला सांगितलं असेल? आईने विचारलं असेल ना, गाडी कुठेय म्हणून? ही ललिताबाई साधी बाई नव्हती. १७ जून १९११ ला लंडनमध्ये बायकांनी मताधिकारासाठी प्रचंड मिरवणूक काढली, त्यात हिंदी स्त्रियांची तुकडी होती. त्या तुकडीच्या फोटोत ती आहे. साडी नेसून, परक्या शहरात, भर रस्त्यात. जी स्वतःसाठी रस्त्यावर उतरली, ती मुलाच्या आड कशी येणार? की आली असेल, रडली असेल, आणि त्याने ऐकलं नसेल? ह्या बाजूने पाहिलं तर आम्ही दोघी एकाच जागी उभ्या आहोत. फरक इतकाच की माझ्या मुलाने मला आधी विचारलं. आणि मी "बघू" म्हणाले.

९ जुलै

दुपारी मोबाइलवर बातमी आली. राजस्थानात चुरू जिल्ह्यात हवाई दलाचं जॅग्वार कोसळलं. सरावाचं उड्डाण. दोन्ही वैमानिक गेले.

चिन्मयला आधीच कळलं होतं. जेवताना टीव्ही लावू दिला नाही त्याने. ताटात भात तसाच राहिला. हात धुवायला उठला तेव्हा म्हणाला, "आई, तू आता काहीच बोलू नकोस. प्लीज." मी बोलणार नव्हते. पण माझ्या तोंडावर ते लिहिलेलं असणार.

रात्री सुहासला म्हटलं, बघितलंस ना. तो म्हणाला, "रोज लोकलमधूनही माणसं पडतात गं." मला राग आला. लोकलने जाणं आणि हे एकच आहे का? तो कुशीवर वळून झोपला. मी गॅलरीत येऊन बसले. आमच्या गॅलरीतून कोलशेतच्या एअर फोर्स स्टेशनची भिंत दिसते. चिन्मय चालायला लागला तो त्या भिंतीच्या कडेने. तिथे विमान उतरताना मला कधी दिसलं नाही, पण फाटकावरच्या जवानाला सलाम ठोकल्याशिवाय हा पुढे हलत नसे. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवी मुंबईच्या नव्या धावपट्टीवर हवाई दलाचं सी-२९५ पहिल्यांदा उतरलं आणि सुखोई खालून झेपावून गेलं, तेव्हा हा कॉलेज बुडवून उलव्याला गेला होता. परत आला तो चिखलाने माखलेला, आवाज बसलेला.

१३ जुलै

गेले चार दिवस रॉयच्या विमानाबद्दल वाचतेय. चिन्मयही दाराआडून बाहेर येऊन सांगतो. काहीही असो, आमचं बोलणं तरी सुरू झालं.

विमानाचं नाव एस. ई. ५ ए. लाकडी सांगाडा, वरून कापड, एक माणूस बसेल एवढी उघडी जागा. एक मशिनगन नाकाच्या बाजूला, तिच्या गोळ्या फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून निघाव्यात अशी तिची इंजिनाशी सांगड घातलेली. दुसरी, लुईस, वरच्या पंखावर. तिच्या डब्यातल्या ९७ गोळ्या संपल्या की वैमानिकाने ती गन पट्टीवरून खाली ओढायची, रिकामा डबा काढायचा, भरलेला बसवायचा. हे सगळं एका हाताने, कारण दुसऱ्या हातात विमान. समोरून वारा, आणि शत्रू पाठीवर. चिन्मयने मला लाटणं हातात देऊन करून दाखवायला लावलं. मला जमलं नाही.

पॅराशूट नाही. हे मी त्याला दोनदा विचारलं. इंग्रज वैमानिकांना तेव्हा पॅराशूट देत नसत. म्हणजे विमान पेटलं तर वैमानिकाने काय करायचं, ते मी लिहीत नाही.

३० ऑक्टोबर १९१७ ला रॉय ५६ व्या स्क्वाड्रनमध्ये गेला. फारसं काही व्हायच्या आत, ६ डिसेंबरला, एकोणिसावा वाढदिवस होऊन चार दिवस होत होते, विमान आदळलं. तिथून पुढची हकिगत अशी सांगतात: बेशुद्ध अवस्थेत त्याला फ्रान्समधल्या एताप्लच्या इस्पितळात नेलं, तिथे तो मेला असं समजून शवागारात ठेवलं. रात्री शुद्धीवर आला आणि बंद दारावर धक्के मारू लागला. आतून प्रेत दार ठोकतंय म्हणून रखवालदार इतका घाबरला की सोबत मिळेपर्यंत त्याने दार उघडलं नाही.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा चिन्मय हसला. मला हसू आलं नाही. ललिताबाईंना तार गेली असेल का? आणि मग दुसरी तार?

बरा होण्याच्या त्या महिन्यांत त्याने पानंच्या पानं विमानांची चित्रं काढली. ती अजून आहेत. पलंगावर पडल्या पडल्याही तो जमिनीवर नव्हताच.

१५ जुलै

आज शुभांशू शुक्ला अवकाशातून परत आले. हवाई दलाचाच वैमानिक. दुपारी तीनच्या सुमाराला यान समुद्रात उतरलं. सुहासने ऑफिसातून फोन केला, लावलंय का म्हणून. पॅराशूट उघडताना चिन्मयने माझा हात दाबून धरला होता. लखनौमध्ये त्यांची आई रडत होती, टीव्हीवर दाखवलं. मीही रडले. चिन्मय माझ्याकडे बघत होता, काही बोलला नाही.

रॉयचं सांगते. जूनमध्ये तो ४० व्या स्क्वाड्रनमध्ये आला, जॉर्ज मॅकेलरॉय ह्या आयरिश कॅप्टनच्या हाताखाली. मॅकेलरॉय शिकवण्यात पक्का असावा, कारण डिसेंबरात विमान आपटणारा हा मुलगा जुलैत वेगळाच दिसतो. ६ जुलैला पहिलं. ८ जुलैला चार तासांत तीन. १३ ला दोन. १५ ला, म्हणजे आजच्या तारखेला, आणखी दोन. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करतेय. दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.

खुणा करताना हातही अडखळतो. त्यातलं प्रत्येक विमान कुणाच्या तरी मुलाचं होतं. दोघं बसायच्या विमानात दोन मुलगे. मी हे बोलले तेव्हा चिन्मय बराच वेळ गप्प होता. म्हणाला, "माहितेय गं मला." त्याच्या आवाजात जे होतं ते मी आधी ऐकलेलं नव्हतं. एकदम मोठा वाटला तो.

१९ जुलै

रॉयचं दहावं आणि शेवटचं विमान आजच्या तारखेचं. दहापैकी दोन इतरांसोबत मिळून पाडलेली. सहा जुलै ते एकोणीस जुलै, मधे काही खाडे. सगळं मिळून उड्डाणाचे तास जेमतेम १७०.

तेव्हा त्या दलात उडणारे हिंदी तरुण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रावळपिंडीचे हरदितसिंग मलिक पगडीवर खास शिवलेलं मोठं शिरस्त्राण घालून उडायचे. त्यांनाही आधी नकार मिळाला होता. त्यांच्या ऑक्सफर्डच्या गुरूंनी रदबदली केली तेव्हा दार उघडलं. ते वाचले, पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले, १९८५ पर्यंत जगले. आणि एक आपल्या मुंबईचा, श्रीकृष्ण वेलिणकर. हे आडनाव वाचलं आणि अंगावर काटा आला. तो जून १९१८ च्या अखेरीस गेला, जर्मनांच्या कैदेत, जखमी होऊन. मुंबईत कुठल्या घरात ती बातमी पोचली असेल, कोणत्या जिन्यावरून तारवाला वर चढला असेल? आज दिवसभर हेच डोक्यात होतं. भाजी करपली.

संध्याकाळी सुहास आणि मी तलावपाळीला गेलो. पाऊस थांबला होता, मासुंद्याचं पाणी काठापर्यंत आलेलं. कौपिनेश्वराला हात जोडले. नेहमी जे मागते ते आज तोंडातून निघेना. कोणत्या तोंडाने मागू? ह्याचे डोळे अधू राहू देत, हेच ना आजवर मागत आले. बाहेर पायरीवर बसून सुहासला सगळं सांगितलं. हायसं वाटल्याचंसुद्धा. तो बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मलाही वाटलं होतं."

घरी येऊन दादरच्या नेत्रतज्ज्ञांची वेळ घेतली. मंगळवार, सकाळी साडेअकरा. चिन्मयला सांगितलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली आणि खोलीत गेला. मग आतून रडण्याचा आवाज आला. मी दार वाजवलं नाही.

२२ जुलै

आजच्याच तारखेला, १९१८ साली, फ्रान्समधल्या कार्व्हँ गावाच्या आकाशात जर्मन फोकर विमानांशी झुंज देताना इंद्रलाल रॉय पडला. वय एकोणीस वर्षं, साडेसात महिने. सप्टेंबरात डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक जाहीर झालं, हिंदी माणसाला मिळालेलं पहिलं. मॅकेलरॉयही त्यानंतर नऊ दिवसांत गेला.

एस्तव्हेल गावच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. तिच्यावर फ्रेंचमध्ये आणि बंगालीत लिहिलंय. लोकलमध्ये चिन्मयने मोबाइलवर दाखवलं. बंगाली अक्षरं मला येत नाहीत, त्याने वाचून दाखवली: "महाबीरेर समाधि, संभ्रम देखाओ, स्पर्श कोरो ना."

मी म्हटलं, संभ्रम? थडग्यावर संभ्रम कशाला? तो म्हणाला, "बंगालीत संभ्रम म्हणजे आदर, आई. वीराची समाधी आहे, मान द्या, हात लावू नका."

एकच शब्द. त्यांच्याकडे त्याचा अर्थ आदर, आपल्याकडे नेमकं काय करावं ते न कळणं. मुलुंड, भांडुप, कांजूर, मी खिडकीबाहेर बघत तो शब्द घोळवत होते. हे कुणी लिहायला सांगितलं असेल? आई असेल, तर शेवटचं वाक्य मला कळतं. स्पर्श करू नका. आता पुरे, त्याला आता कोणी हात लावू नका.

डॉक्टरांनी चाळीस मिनिटं तपासलं. डोळ्यांत थेंब घालून अर्धा तास बसवलं, मग पुन्हा. चिन्मयला जवळचं काही दिसत नव्हतं, म्हणून अपिलाचा अर्ज मी त्याला वाचून दाखवला आणि त्याने सांगितलं तसा भरला. डॉक्टरांचा अहवाल उद्या मिळेल. तो कसा असेल ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

बाहेर आलो तर धो धो पाऊस. फाइल भिजू नये म्हणून मी ती पिशवीत घातली, पिशवी पदराखाली धरली, आणि थेंबांमुळे धूसर दिसणाऱ्या माझ्या पोराचा हात धरून रस्ता ओलांडला.