आधी पहिलं वाक्य

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी पहाटे सव्वापाचला आम्ही नागपुरातल्या सदर भागातल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलपाशी जमतो आणि सेमिनरी हिल्सपर्यंत पायी जातो. अंतर तीन-चार किलोमीटर. झपाझप चाललं तर तासाभराचं काम, पण आम्ही वरची प्रार्थना धरून दोन तास घेतो. आमच्यात कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट असलेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचेही आहेत. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा मंडळ्या मिळून ती चर्च उभी राहिली, त्यामुळे इथं एकत्र चालायला वेगळं निमित्त लागत नाही. दिंडी नाही, पताका नाही, तरी आम्ही याला वारीच म्हणतो. दरवर्षी तीच वाट आणि तीच सोबत.

आधी उन्हाचं बघावं लागतं. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. उशिरा आला की शेवटचे शुक्रवार एप्रिलात पडतात, आणि नागपूरच्या एप्रिलात सकाळी आठनंतर डांबरी रस्त्यावर भाविकपणा टिकत नाही. माणूस फक्त सावली शोधतो. म्हणून साडेसातच्या आत उतरणीला लागायचं. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, आणि एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर नि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर तहान वाढते, म्हणून अंदाजानं घालू नये. मधुमेह असलेल्यांनी रिकाम्या पोटी निघू नये आणि पाण्याचं डॉक्टरांना विचारून ठरवावं. कॅथलिक चर्चनं सक्तीचा उपवास दोनच दिवस सांगितला आहे, राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे, तोही निरोगी प्रौढांना, १८ ते ५९ वयापर्यंत. बाकीच्या शुक्रवारी खाऊन चाललं तर काही बिघडत नाही.

अनवाणी चालू नका असं आम्ही नव्यांना स्पष्ट सांगतो. तापल्या रस्त्यानं पाय भाजतात हे एक. दुसरं असं की सगळ्यांचं लक्ष त्या पायांकडे जातं, आणि चालणाऱ्याचंही. उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका, असं येशूनं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय ते याचसाठी.

आता या वाटेचं खरं काम. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूनं गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेत दोन वाक्यं आहेत. हा प्याला, म्हणजे पुढ्यातलं दुःख, माझ्यापासून टळून जावो, हे पहिलं. तरी माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे दुसरं. आपण सगळे दुसऱ्यापासून सुरुवात करतो. नोकरी गेली, अहवालात गाठ निघाली, पोरगी बोलत नाही, आणि तोंडातून लगेच निघतं, प्रभू, तुझी इच्छा. ऐकायला श्रद्धा वाटते. पण आत काय हवंय ते सांगितलेलंच नसतं, मग सोडून काय दिलं? येशूनं आधी मागितलं, तेही तीनदा, तोंडावर पडून. त्यानं लपवलं नाही, तर आपण कुणापासून लपवतो?

म्हणून आम्ही वाट वाटून घेतो. कॅथेड्रलपासून छावणीपर्यंत कुणी बोलायचं नाही, गायचंही नाही. गाणं सुरू झालं की डोळे भरतात आणि ते गाण्यामुळे भरलेत की पापामुळे हे कळेनासं होतं. छावणीपासून जपानी गार्डनपर्यंत फक्त पहिलं वाक्य. दोघांमध्ये दहा पावलांचं अंतर, म्हणजे कुजबुज दुसऱ्याला ऐकू जात नाही. घरी ज्या बोलीत आईशी भांडतो त्याच बोलीत बोलायचं. "हे परमपवित्र कृपासिंधू पित्या" असं सुरू झालं की समजावं, माणूस मागे सरकला. "देवा, मले त्याचा राग येऊन राह्यला, अन् माफ कराची इच्छाच नाही" हे चालतं. शब्द सुचत नसतील तर बायबलातलं ८८ वं स्तोत्र म्हणावं. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठेही उजेड येत नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

इथं बहुतेकांचं जे चुकतं ते म्हणजे दुसऱ्याचं पाप सांगणं. नवऱ्याचं पिणं, भावाची वाटणी, मंडळीतलं राजकारण. सासूला ऐकू जाईल अशी प्रार्थना करणं हाही त्यातलाच प्रकार. धर्मगुरूपुढच्या पापनिवेदनातही हेच होतं. विचारलेलं असतं माझं, आणि मी सांगतो प्रसंग. उपाय सोपा आहे. वाक्याचा कर्ता "मी" ठेवायचा आणि क्रियापद टाळायचं नाही. "माझ्याकडून खोटं बोललं गेलं" नव्हे, "मी खोटं बोललो". येशूच्या दाखल्यात एक परूशी, म्हणजे स्वतःला धार्मिक समजणारा, आणि एक जकातदार मंदिरात प्रार्थना करतात. परूशाच्या प्रार्थनेतही "मी" भरपूर आहे, पण त्याचा एक डोळा बाजूच्या जकातदारावर आहे. जकातदार मात्र एवढंच म्हणतो, "हे देवा, मज पाप्यावर दया कर."

उलट बाजूही सांगायला हवी. देवापुढे उघडं होणं म्हणजे सगळ्या गटासमोर सगळं सांगणं नव्हे. ज्यात दुसऱ्याचं गुपित अडकलंय ते धर्मगुरूकडे किंवा पास्टरकडे न्यावं. गटात ओघात बोललेलं दुसऱ्या दिवशी सदर बाजारात पोचलेलं असतं आणि मग तो माणूस पुढची कितीतरी वर्षं खरं बोलत नाही.

जपानी गार्डनच्या पुढे चढ लागतो. दम लागतो, वाक्यं आपोआप आखूड होतात. दुसरं वाक्य इथं म्हणायचं, जमलं तर. नाही जमलं तर पुन्हा पहिलंच. येशूलाही तीन फेऱ्या लागल्या.

वर पोचल्यावर क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातले प्रसंग आठवत केलेली प्रार्थना: चौदा स्थानं, प्रत्येकी तीन मिनिटं. तिसऱ्या, सातव्या, नवव्या स्थानावरचं येशूचं पडणं शुभवर्तमानात नाही, ते परंपरेतून आलंय. चालून आलेल्या पायांना मात्र ते लगेच समजतं. दहाव्या स्थानावर, त्याची वस्त्रं उतरवतात तिथं, आम्ही पुस्तिका मिटतो आणि तीन मिनिटं नुसते उभे राहतो. कुणी काही वाचत नाही.

उतरताना ऊन वर आलेलं असतं. काय मागितलंस असं कुणी कुणाला विचारत नाही, हा उतरतानाचा आमचा एकच नियम. बाटल्यांत उरलेलं पाणी संपवायचं, दुपट्टे पुन्हा बांधायचे आणि ज्याला कामावर जायचं असेल त्याला पुढे जाऊ द्यायचं.