ज्येष्ठेचा ठ

मंडळी, तारे गोल झाले! गेले सतरा दिवस माझ्या सहा इंची डॉबमधून (आरशाच्या साध्या डॉब्सोनियन दुर्बिणीतून) प्रत्येक तारा समोशासारखा त्रिकोणी दिसत होता, आणि मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की दोष कोलिमेशनचा, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवण्याचा आहे. नव्हता.

आपल्या ताऱ्यांच्या नावांच्या भेंड्यांत माझ्यावर ज्येष्ठेचा ठ आला, तेव्हापासूनचं हे लचांड. ण ला न चालतो, मूळच्या ळ ला ल धरून लुब्धक काढता येतो. पण वसिष्ठ, ज्येष्ठा, धनिष्ठा यांपैकी कुणी ठ देऊन गेलं की माणूस संपला. दंड काय, तर त्याच ताऱ्याला खेटून असलेला जोडीदार तारा दुर्बिणीतून पाहून दाखवायचा. वसिष्ठावर अडकलो असतो तर मिनिटात सुटलो असतो, तिथलं दोघांतलं अंतर 14 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). ज्येष्ठेचं जेमतेम पावणेतीन. त्यातून जोडीदार मंद, साडेपाचव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा मोठा, तितका तारा फिका) आणि शेजारी पहिल्या प्रतीचा लाल निखारा.

तर त्रिकोण. पहिला संशय आरसे जुळवायला ऑनलाइन मागवलेल्या लेझरवर. तो चार खिळ्यांच्या घोडीवर आडवा ठेवून फिरवला, तर समोरच्या भिंतीवर ठिपक्याने रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ काढलं. म्हणजे दुसऱ्याला सरळ करायला आलेला स्वतःच वाकडा. विक्रेता म्हणतो, परतीची मुदत संपली. माझं मत आता पक्कं आहे: कॅमेऱ्याच्या फिल्मच्या जुन्या डबीला मधोमध भोक पाडा आणि त्यातून बघत आरसे जुळवा, फुकटात याहून बरं काम होतं. डबीने सगळं जुळवलं. तारे तरीही समोसे.

मग खापर गच्चीवर. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची गार रात्र, कितीही गाजलेली असो, मे महिन्यात आमची इंदूरच्या राजेंद्र नगरची गच्ची रात्री अकरापर्यंत तव्यासारखी असते. पण तापलेल्या हवेने प्रतिमा उकळते, थरथरते. माझी तिन्ही टोकं मात्र रोज त्याच जागी, ठाण मांडून. शिवाय फोकस थोडा आत सरकवला की त्रिकोण एका दिशेला, बाहेर सरकवला की बरोबर उलटा. हे हवेचं काम नाही.

शेवटी रविवारी सियागंज बाजारातून एलन-कीचा संच आणला (स्वस्त आणि चोख, लेझरपेक्षा शंभरपट उपयोगी) आणि मुख्य आरसा बाहेर काढला. आरशाला धरणारे चिमटे किती? तीन! दिवाळीत आरसा धुतल्यावर हलू नये म्हणून मीच ते करकचून आवळले होते. काच बिचारी तीन ठिकाणी दबून वाकली होती. 25 मिमीच्या आयपीसने (डोळ्याकडच्या भिंगाने) 48 पटींवर गुरू-शनी बघणाऱ्याला हे जाणवतही नाही. ठ च्या पायी 200 पटींवर गेलो आणि बिंग फुटलं. किराण्याच्या पावतीचा कागद चिमट्याखालून अलगद सरकेल इतके सैल केले. आई म्हणाली, "एवढा वेळ गॅसच्या शेगडीला दिला असतास तर!"

रात्री आधी स्वातीजवळचा इझार हा जोडतारा, जवळजवळ डोक्यावर. दोन तारे! एक नारिंगी, एक निळसर, मध्ये काळी फट. मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, "भिया, चाँद दिख रा क्या?"

ज्येष्ठा साडेबाराला दक्षिणेत 41 अंशांवर आली. (लंडनकरांना ती 12 अंशांच्या वर चढत नाही, तेव्हा तक्रार नको.) पाऊण तास नुसती लाल धग. मग हवा दोनेक सेकंद थांबली आणि कडेला हिरवट काहीतरी चमकलं, तारा सरकतो त्याच दिशेला, पुढे. आधी वहीत चित्र काढलं, मगच जोडताऱ्यांचा तक्ता उघडला. जोडीदार पश्चिमेलाच आहे!

दोन सेकंदांवर तुम्ही दंड माफ करणार नाही, माहीत आहे. इथे खरं तर कुणाकडे 5 मिमीचा आयपीस उसना मिळेल का, असं विचारणार होतो. पण लिहिता लिहिता दुसरंच सुचलं: नळीच्या तोंडावर पुठ्ठ्याचा षट्कोनी मुखवटा. ताऱ्याची झळाळी सहा शेपट्यांत जाते आणि मधल्या अंधाऱ्या फटीत जोडीदार सापडू शकतो. मुखवटा फिरवून फट पश्चिमेला आणायची, बस. फ्रिजचं खोकं माळ्यावर आहेच. पाऊस यायच्या आत आठ-दहा रात्री मिळाल्या तर ठीक, नाहीतर थेट फेब्रुवारीतल्या पहाटा.

आणि हो, त्या जोडीदाराला मराठीत नाव माझ्या तरी ऐकण्यात नाही. दुसऱ्यांदा दिसला की मी त्याला 'ठिणगी' म्हणणार. भेंडी सुटली. तोवर ग वर विचार करून ठेवा.