दांडी डावीकडे, दांडी उजवीकडे

लख्ख ऊन पडलेलं असताना वळणावर एखाद्या गाडीचा वायपर कोरड्या काचेवर खरखरत फिरला, की समजावं, चालकानं नुकतीच गाडी बदललीय. डोक्याला नवी गाडी कळलेली असते, बोटांना अजून कळायची असते.

उजव्या स्टिअरिंगच्या जपानी गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते, वायपरची डावीकडे. डावा हात गिअरवर, उजवा मोकळा. हिशेब सरळ आहे. युरोपीय गाड्या मुळात डाव्या स्टिअरिंगसाठी आखलेल्या, म्हणून त्यांचा इंडिकेटर डावीकडे. तीच गाडी उजव्या स्टिअरिंगची करताना मात्र दांड्या सहसा जागच्या जागीच राहतात. अदलाबदल करायची तर स्विचचा साचा वेगळा, वायरिंग वेगळं, चाचण्या वेगळ्या. एवढा खर्च करतो कोण? मग वळणाआधी डाव्याच हातानं गिअर उतरवायचा आणि त्याच हातानं इंडिकेटरही द्यायचा. पेडल्सनी तेवढी दया दाखवलीय; क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर हा क्रम दोन्हीकडे सारखाच.

ऑटोमॅटिक गिअरच्या बाबतीत कायद्यानं हात घातला. पूर्वी काही अमेरिकन गाड्यांत क्रम होता पी-एन-डी-एल-आर; म्हणजे पार्क, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो, रिव्हर्स. रिव्हर्स थेट लो-गिअरला खेटून. बर्फात रुतलेली गाडी पुढं-मागं झुलवून काढायला झकास, पण एरवी लोमध्ये टाकताना दांडा एक घर जास्त सरकला की गाडी मागं. १९६८पासून तिथल्या मानकानं रिव्हर्स आणि पुढचे गिअर यांच्यामध्ये न्यूट्रल सक्तीचं केलं.

सक्ती दरवेळी पचतेच असं नाही. अमेरिकेत १९७४च्या मॉडेलच्या गाड्या पुढच्या सीटवाल्यांनी पट्टा लावल्याशिवाय सुरूच होत नसत. क्रमही ठरलेला, आधी बसा, मग पट्टा लावा. पट्टा कायमचा अडकवून त्यावर बसण्याची पळवाट त्यामुळे बंद. पण सीटखालच्या सेन्सरला माणूस आणि सामानाची जड पिशवी यांतला फरक कळेना. लोक इतके वैतागले, की त्याच वर्षी तिथल्या संसदेनं, काँग्रेसनं, ही सक्ती कायद्यानंच मोडीत काढली आणि पट्ट्याच्या बझरलाही ८ सेकंदांची मर्यादा घातली. हेतू चांगला होता, पण बिघडलेला सेन्सर माणसाला घरी अडकवून ठेवतो, हे कुणी मनावर घेतलं नव्हतं.

खिडकीच्या बटणाचा नियम मला त्या मानानं फार आवडतो. दाबल्यावर काच वर जाणाऱ्या बटणावर मुलाचा गुडघा पडायचा आणि बाहेर काढलेली मान अडकायची. म्हणून अमेरिकन मानकात २० मिलिमीटर त्रिज्येचा पोलादी गोळा बटणावर १३५ न्यूटनपर्यंत जोर लावून टेकवतात. काच बंद व्हायला लागली तर बटण नापास. काच वर न्यायला बटण बोटानं उचलावं लागतं, तेही याच मानकामुळे.

आता सगळं टचस्क्रीनमध्ये कोंबायची हौस आलीय. युरो एनकॅप ही गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणारी युरोपीय संस्था. तिची चाचणी म्हणजे कायदा नव्हे, पण २०२६पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न आणि हझार्डच्या दिव्यांना हाताला लागणारं बटण किंवा दांडी नसेल, तर तिथं गुण कापले जातात. आणि पाच तारे नसलेली गाडी विकायची कंपन्यांना कायद्याइतकीच धास्ती असते.