न बघता काढलेला गेंडा

ड्यूररचा गेंडा बहुतेकांनी बघितलेला असतो, चित्रकाराचं नाव माहीत नसलं तरी. १५१५ चा वुडकट आहे, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेलं चित्र. अंगावर चिलखत चढवल्यासारख्या जाड पट्ट्या, पायांवर खवले, आणि मानेच्या मागे एक छोटंसं पिळाचं एक्स्ट्रा शिंग जे जगातल्या कुठल्याच गेंड्याला नसतं. कारण काय, तर ड्यूरर जर्मनीत न्यूरेंबर्गला आणि गेंडा पोर्तुगालमध्ये लिस्बनला! गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिलेला, त्याने राजा मॅन्युएलकडे धाडला, आणि तिथून आलेलं वर्णन नि एक कच्चं स्केच एवढ्यावर ड्यूररने भागवलं. गेंड्याचे मात्र हालच झाले, राजाने त्याला पुढे पोपला भेट म्हणून जहाजातून पाठवलं आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, साखळदंडाने बांधलेलं जनावर, सुटणार कुठून.

आता गंमत बघा. त्याच वर्षी बुर्कमायर नावाच्या दुसऱ्या जर्मन चित्रकारानेही याच गेंड्याचा वुडकट केला. त्यानेही बहुधा गेंडा बघितलेला नव्हता, पण त्याचा गेंडा खऱ्याच्या बराच जवळ जातो, ते फालतू शिंग नाही, पुढच्या पायांना दोरी बांधलेली पण दाखवलीय. त्याची आज एकच प्रत उरलीय, व्हिएन्नामध्ये. आणि ड्यूररचा चिलखतवाला गेंडा पुढची दोनअडीचशे वर्षं युरोपभर पुस्तकांतून कॉपी होत राहिला! मला विचाराल तर ते बरोबरच झालं, कारण बुर्कमायरचा गेंडा बिचारा वाटतो आणि ड्यूररचा जबरदस्त. १७४९ मध्ये फ्रेंच चित्रकार उद्रीने क्लारा नावाच्या खऱ्या गेंड्याला समोर बघून तिचं अगदी लाइफसाइज चित्र काढलं, तेव्हा कुठे लोकांच्या डोक्यातलं ते चिलखत हळूहळू उतरायला लागलं.

पण समोर बघितलं की चित्र बरोबर येतं असं म्हणावं तर तेही नाही. जहांगीरच्या दरबारातला मन्सूर घ्या, त्याने १६२१ मध्ये काढलेला झेब्रा आजही बघत बसावा असा आहे (पट्टे रंगवलेले तर नाहीत ना म्हणून दरबारात त्या झेब्र्याची आधी नीट तपासणी झाली होती, हे मला फार आवडतं). पण झेब्रा उभा होता. पळणाऱ्या जनावराचं काय?

इंग्लंडच्या जॉर्ज स्टब्जने दीड वर्षं एका शेतघरात मेलेले घोडे टांगून, एकेक थर सोलून स्नायू आणि हाडं यांची ड्रॉइंग्ज केली, १७६६ मध्ये त्याचं पुस्तक काढलं, घोडा आतून-बाहेरून त्याच्याइतका माहीत असलेला चित्रकार सापडणं कठीण. आणि तरी रेसचा घोडा काढायची वेळ आली की पुढचे दोन पाय पुढे, मागचे दोन मागे ताणलेले, पोट जमिनीला समांतर! सगळेच तसे काढायचे. मग १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून पळत्या घोडीचे फोटो काढले आणि कळलं की चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, ताणलेले असताना नाहीच.

यात भारी कोण ठरले तर गुहेतले लोक. २०१२ मध्ये हंगेरीच्या संशोधकांनी चालणाऱ्या प्राण्यांची हजारभर चित्रं तपासली, पाय टाकायच्या क्रमात मायब्रिजच्या आधीच्या चित्रकारांची साधारण ८३ टक्के चित्रं चुकलेली आणि गुहाचित्रांतली ४६ टक्के. अर्थात ज्यांचं पोट शिकारीवर चालतं त्यांची नजर जनावराच्या पायावर असणारच, रेसकोर्सवरच्या साहेबांची कशाला असेल.

आता एवढं सगळं कळूनही फ्रेंच चित्रकार जेरिकोचं १८२१ चं एप्समच्या शर्यतीचं चित्र बघितलं की ते चुकीचे घोडे सुसाट सुटलेले वाटतात आणि मायब्रिजचा एकेक फोटो सुटा बघितला तर घोडी हवेत लटकवून ठेवल्यासारखी. शिल्पकार रोदँ तर याच चित्राची बाजू घेऊन म्हणायचा की खोटं फोटो बोलतो, चित्रकार नाही, कारण खऱ्या जगात वेळ अशी थांबत नसते. मला त्याचं पटतं, निदान घोड्यांच्या बाबतीत तरी. गेंड्याच्या त्या एक्स्ट्रा शिंगाला मात्र रोदँसुद्धा वाचवू शकला नसता.