नो ग्रोथ

एकवीस वर्षं मिरजेतल्या एका लॅबमध्ये कल्चर प्लेटी, म्हणजे रुग्णांच्या नमुन्यातले जंतू वाढवायच्या बशा, बघतेय. रोज दहा-बारा रिपोर्टवर तरी 'नो ग्रोथ', म्हणजे काही वाढलं नाही, टाइप होतंच. त्यामुळे रॉबर्ट वाइजचा १९७१चा 'द अँड्रोमेडा स्ट्रेन' हा सिनेमा माझ्या फार जवळचा. परवा भाचा म्हणाला, "मावशी, त्याची टीव्ही सिरीज पण आहे, २००८ची. दोनच भाग." झालं, रविवार गेला.

सिनेमात न्यू मेक्सिकोतल्या पीडमाँट गावी उपग्रह पडतो आणि त्यावरून आलेल्या जंतूने गाव जागच्या जागी मरतं. मृतदेहाचं मनगट कापलं तर रक्ताऐवजी भुकटी गळते. वाचतात दोघंच, अल्सरवर ॲस्पिरिन खाऊन वर जळाऊ स्पिरिट पिणारा म्हातारा आणि एक किंचाळणारं तान्हं. का वाचले? म्हाताऱ्याचं रक्त आम्लाकडे झुकलेलं, बाळाचं रडून रडून, भराभरा श्वास घेऊन अल्कलीकडे. जंतू मधल्या अरुंद पट्ट्यातच वाढतो. आमच्या एबीजी मशीनवर, म्हणजे रक्तातले वायू आणि आम्लता मोजणाऱ्या यंत्रावर, रोज दिसणारा पीएचचा आकडा, आणि त्यावर अख्खं रहस्य उभं!

त्यातली डॉ. लेविट तर आमच्यातलीच. स्क्रीनवर एकामागून एक कल्चरचे निकाल सरकताहेत, लाल दिवा लुकलुकतोय, आणि तिची लपवलेली फेफऱ्याची व्याधी नेमकी तेव्हाच उठते. डोळे उघडे, पण बाई जागेवर नाही. नेमका हवा तो 'नो ग्रोथ' तिच्यासमोरून निघून जातो. दरवेळी तिथे माझ्या पोटात गोळा येतो.

आता सिरीज. बाळ आहे, म्हातारा आहे, पण विचारतो कोण त्यांना? वर्महोल, म्हणजे अवकाश-काळातला बोगदा, आहे, भविष्यातून आलेला निरोप आहे, समुद्रतळाचं खाणकाम आहे, व्यसनी पत्रकार आहे. जवळपास तीन तास, आणि त्यात लॅबचं काम चिमूटभर. जंतू शोधायला माणसं बसतात, चुकतात, परत बसतात, हे दाखवायला यांना लाज वाटते की काय कोण जाणे. भाचा म्हणे, "जुना स्लो आहे गं." अरे, कल्चर स्लोच असतं! अठ्ठेचाळीस तास लागतात, वर्महोलमधून रिपोर्ट येत नाही.

'वेस्टवर्ल्ड'चंही तेच. १९७३चा सिनेमा दीड तासात आटोपतो. मालिका २०१६ ते २०२२, चार सीझन. पहिला आवडला, खोटं कशाला बोलू. तिसऱ्यात मी इस्त्री करत होते.

सोमवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला. शनिवारच्या सतरा प्लेटी. अकरावी रिकामी म्हणून बाजूला ठेवली, रिपोर्टही टाइप केला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत उचलून ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. कडेला टाचणीच्या टोकाएवढी जंतूंची एक कॉलनी होती.