कूलर बंद पडल्यावर

मे महिन्यात अंमळनेरला दुपारी लाईट गेली की उकडायला लागायच्या आधी ऐकू यायला लागतं. सकाळपासून घरघरणारा कूलर गप्प होतो आणि मोरीतला नळ टपटपतोय, शेजारी जावयाच्या मानपानावरून कुरबूर चाललीय, भिंतीवरचं घड्याळ चांगलंच खणखणीत आहे, हे सगळं एकदम कळतं. घामाच्या धारा त्यानंतर.

ध्यानाचं माझं अगदी असंच झालं. ‘बसून तर पाहा, डोकं थंडगार होईल,’ असं जो तो सांगायचा, म्हणून पहाटे पाचला गच्चीवर सतरंजी टाकून बसू लागलो. काम काय, तर श्वासाकडे बघायचं. चार श्वास बरे गेले. पाचव्याला कपाशीच्या बियाण्याची उधारी आठवली, मग दुकानदाराचा चेहरा, आणि तिथून थेट बहिणीचा साखरपुडा. पाहुण्यांना मांडे कमी पडले म्हणून मामा चारचौघांत मला जे बोलले होते, ते शब्दन् शब्द. गेली २५ वर्षं मी त्याला उत्तर शोधत होतो, हे मला त्या सतरंजीवर कळलं. उत्तर सापडलंही, फर्मास होतं. पण मामा जाऊन आता सात वर्षं झाली.

तेवढ्यात डाव्या पायाला मुंग्या. खालून आई ओरडली, “झोपी गया का रे?”

२०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला होता. माणसांना १५ मिनिटं खोलीत एकटं, नुसतं विचार करत बसवलं. सोबतीला विजेचा झटका देणारं एक बटण. झटका आधी चाखवलेला, आणि तो टाळायला पैसेही मोजू असं या मंडळींनी सांगितलेलं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी स्वतःच बटण दाबलं. २४ बायकांपैकी फक्त ६ जणींनी. मळ्यातल्या मोटारीच्या स्टार्टरचा शॉक खाल्लेला माणूस हे ऐकून कपाळाला हात लावेल. मला मात्र ते बारा जण आपले वाटले.

पतंजलींनी योगसूत्रांत नऊ अडथळे मोजून ठेवलेत. आजारपण, संशय, आळस हे ओळखीचे. शेवटचे दोन भारी आहेत: पायरीच न सापडणं, आणि सापडली तर तिच्यावर न टिकणं. म्हणजे ही तक्रार जुनीच. पण ज्याच्या पोटात खरोखरचं मोठं दुःख दडपलेलं आहे, त्याने माझ्यासारखं एकट्याने गच्चीवर बसू नये. जाणत्या माणसाजवळ बसावं. माझं काय, मांड्यांवर भागलं.

काल पहाटे मामा परत आले. सुरतेकडची गाडी शिट्टी देत गेली, तरी ते हलले नाहीत. मीही उत्तर काढलं नाही. बघत राहिलो. पंगत दिसली, खापरावरचा धूर दिसला, रिकामी टोपली दिसली.

मांडे खरंच कमी पडले होते. वीसेक तरी.